स्मार्टफोनवर जिओकॅशिंग जमतं का, की त्यासाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं लागतं?

नाही लागत. फोन पुरतो. (नव्यांसाठी: कुणीतरी लपवलेली डबी इंटरनेटवर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायची, हा खेळ म्हणजे जिओकॅशिंग. त्या डबीला कॅशे म्हणतात.)

एवढं लिहून थांबणार होते, पण तुम्ही पुढे लिहिलंय की पुण्यातला तुमचा ट्रेकवाला मित्र म्हणतो, "रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद." हे वाक्य आमच्या घरात दर गणपतीला ऐकू येतं. म्हणणारे माझे मोठे दीर.

आधी रेंजचं बघू. फोनमधलं जीपीएस उपग्रहांचा सिग्नल नुसता ऐकतं. त्याला ना सिमकार्ड लागत ना डेटा. इंटरनेट असेल तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती आयती मिळते आणि आपली जागा पटकन लागते, नसेल तर उघड्यावर थोडं जास्त थांबावं लागतं. रेंज लागते ती नकाशा उघडायला आणि कॅशेची माहिती वाचायला. ती घरी वायफायवर उतरवून घ्यायची. अधिकृत अ‍ॅपमध्ये ही सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे आणि फुकट खात्यात बरेचसे कॅशे दिसतही नाहीत. अँड्रॉइड असेल तर सी-जिओ नावाचं मोफत अ‍ॅप बघा.

आता आमचं. आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. इथे हा खेळ इतका आहे की रोजच्या फिरायच्या वाटेवरसुद्धा दोन-चार डब्या लपवलेल्या सापडतील. एका ऑक्टोबरात सासरे, म्हणजे बाबा, आले होते, त्याच वेळी हेच दीर, म्हणजे भाऊजी, कंपनीच्या कामाने आले. रविवारी बिर्केनकोप्फला निघालो. 511 मीटर उंचीची टेकडी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून शहराचा जो राडारोडा झाला, तो वाहून नेऊन तिच्या माथ्यावर टाकला. वर अजून कोरीव चौकटींचे, कमानींचे दगड तसेच पडलेत. बाबा वर जाऊन ते दगड बघत बसणार आणि मी उतरणीच्या जंगलात आयुष्यातला पहिला कॅशे शोधणार, असा बेत होता. भाऊजींनी नवं कोरं, हातात धरायचं जीपीएस यंत्र काढलं आणि बेत फिसकटला.

"वहिनी, फोनला सामान्यांचा मुद्दाम बिघडवलेला सिग्नल मिळतो. खरा सिग्नल असल्या यंत्रालाच."

साफ चूक. अमेरिकन सरकार नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवायचं, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, हे खरं. पण ते 2 मे 2000 ला बंद झालं, सगळ्यांसाठी. हा खेळ तर त्यातूनच निघाला. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये जंगलात एक काळी बादली ठेवली, आत वही, पेन्सिल आणि सटरफटर वस्तू, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. हे मी भाऊजींना गाडीत सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

पार्किंगमध्ये त्यांच्या यंत्राचा बाण टेकडीकडे पाठ करून दक्षिणेला. अंतर तीस किलोमीटरच्या वर. झालं होतं असं की कॅशेच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात, 48 अंश 45.9 मिनिटं अशी. भाऊजींनी यंत्रात भरलं 48.459 अंश. कोणत्याही यंत्रात आकडे हाताने भरणार असाल तर मांडणी आधी तपासा. फोनवर ही भानगडच नाही, कॅशेवर बोट ठेवलं की बाण सुरू.

जंगलात शिरलो. उंच बीचची झाडं, खाली घोट्यापर्यंत ओली पानं. माझा फोन म्हणे कॅशे डावीकडे चार मीटर, भाऊजींचं यंत्र म्हणे उजवीकडे सहा मीटर. आम्ही दोघं आपापल्या जागेवर अडून पानं उकरतोय. बाबा पाच मिनिटं मागे हात बांधून बघत होते. भूमिअभिलेख खात्यात उभी हयात मोजणीत गेलेला माणूस.

"ज्याने ठेवलं, त्याने कशाने मोजलं?"

"फोनने, नाहीतर असल्याच यंत्राने," मी म्हटलं.

"म्हणजे त्याची मूळ खूणच चार-पाच मीटर इकडेतिकडे. वर तुमची चूक वेगळी. पानावर मिनिटाचे तीन दशांश दिलेत ना? शेवटचा एक आकडा म्हणजेच पावणेदोन-दोन मीटर. मग भांडताय कशावरून?"

(हिशोब बरोबर आहे. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे 1.85 मीटर.)

मग ते झाडांच्या बुंध्यांकडे बघत हिंडले. एका बीचच्या मुळांच्या बेचक्यात सालीचे तीन-चार तुकडे एकाला एक लागून, सगळे एकाच दिशेला. "हे पडलेलं नाही, ठेवलंय कुणीतरी." सरकवलेला बांधाचा दगड ओळखायची सवय, दुसरं काय. खाली बोटाएवढी जाड प्लास्टिकची नळी निघाली. इथे तिला पेटलिंग म्हणतात, कोल्ड्रिंकची बाटली फुगवायच्या आधी अशी दिसते. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, सापडलं की तिच्यावर सही करायची. पेन नव्हतं. इतक्या लहान कॅशेत ते सहसा नसतं, आपलं न्यायचं. बाबांच्या खिशात होतं. त्यांनी तारीख घातली आणि मोजणीच्या नकाशावर करायचे तशी लफ्फेदार सही केली, चार जणांची जागा खाऊन.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर भाऊजींचा फोटो: एका हातात नळी, दुसऱ्यात यंत्र. खाली, "शेवटी यंत्रानेच सापडलं!" अठ्ठावीस अंगठे आले, त्यात एक माझ्या नवऱ्याचा. म्हणून इथे नीट लिहून ठेवते: यंत्राने सापडलं नाही, फोननेही नाही. दहा मीटरपर्यंत दोन्ही नेतात. त्यापुढे फोन खिशात घाला आणि जे आपोआप तसं होणार नाही ते शोधा. फोनचा बाण गरगर फिरायला लागला तर फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवून होकायंत्र ठीक करा. तरीही नाही सापडलं तर कॅशेच्या पानावर लपवणाऱ्याने दिलेली सूचना (हिंट) उघडा, त्यात लाज नाही.

तुमच्या पुण्याबद्दल. पहिल्यांदा साधा, पारंपरिक (ट्रॅडिशनल) प्रकारचा कॅशे घ्या, म्हणजे दिलेल्या जागीच डबी असते तो. शोध आणि वाट या दोन्हींची कठीणता 1 ते 5 मध्ये दिलेली असते, दोन्हीकडे दीडच्या आतला निवडा. आकार 'स्मॉल' किंवा मोठा असू द्या. मुलीला घेऊन जाणार म्हणता, तर तिला फिल्मच्या रिळाच्या डबीतली चिठ्ठी शोधायला लावू नका, कंटाळेल. आणि शेवटचा कधी सापडला ती तारीख बघा. भारतात कॅशे तुरळक आहेत. नोंदी जुन्या असतील आणि शेवटच्या दोघा-तिघांनी 'सापडलं नाही' लिहिलं असेल, तर डबी गेलेली असणार.

स्टेशन, लष्करी हद्द, देवळाचं आवार इथे उकराउकरी नको. बेवारस वस्तूंच्या घोषणा ऐकत वाढलेल्या शहरात झुडपात हात घालणारा माणूस कसा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. कुणी विचारलं तर सरळ सांगा आणि फोनवरचं पान दाखवा.

एका बाबतीत भाऊजी बरोबर आहेत, थंडी. इथे जानेवारीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते आणि हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही. पुण्यात पॉवर बँक घेतली की झालं. तरी यंत्र घ्यायचंच असेल तर निदान उपग्रहावरून मेसेज पाठवणारं परदेशातून मागवू नका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर लोक पकडले गेलेत. भाऊजींना तेच हवंय आता. मी आणणार नाही, असं कळवलंय.