आधी पान उघड

प्रिय पोरी,

शालोम. तुझा संशोधनाचा आराखडा काल रात्री दोनदा वाचला. नाझींच्या संहारानंतर ज्यूंनी देवाबद्दल काय म्हणावं, हा तुझा प्रश्न. मैमोनिदेस, रोझेन्झवाइग, हेशेल, सगळे ज्यू विचारवंत हजर आहेत. मग तळटिपा पाहिल्या आणि मन खट्टू झालं. एकूण एक ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून घेतलेला. आणि शेवटी विचारतेस काय, तर "मावशी, न्यूयॉर्क की जेरुसलेम?"

मला आधी हे सांग, हिब्रू कुठवर आली? सिदूर, आपलं प्रार्थनेचं पुस्तक, घडाघडा वाचता येतो, हे उत्तर देऊ नकोस. तो आपल्या मराठी ज्यूंत बहुतेकांना येतो. मलाही यायचा, आणि त्याच जोरावर मी फसले.

मीही मैमोनिदेसवरच लिहीत होते. 'मोरे नेवुखीम', म्हणजे गोंधळलेल्यांचा वाटाड्या. पुस्तक मूळचं अरबी, पण हिब्रू अक्षरांत लिहिलेलं. मी ते इंग्रजीतून वाचलं. दोन वर्षांचं काम घेऊन परीक्षकांसमोर बसले, तेव्हा एका वृद्ध प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, "पहिलं प्रकरण 'त्सेलेम' या शब्दावर आहे. 'तोआर' का नाही?" मला प्रश्नच कळला नाही.

देवाने माणसाला आपल्या 'त्सेलेम'मध्ये घडवलं, असं तोरा, आपला मूळ धर्मग्रंथ, सांगते. मराठी बायबलात तिथे 'प्रतिरूप' आहे. मैमोनिदेस पहिल्याच प्रकरणात सांगतो की दिसणाऱ्या आकाराला हिब्रूत 'तोआर' म्हणतात. 'त्सेलेम' म्हणजे ज्याच्यामुळे वस्तू ती वस्तू ठरते ते. माणसाच्या बाबतीत बुद्धी. लोकांनी 'त्सेलेम'चा अर्थ आकार असा घेतला आणि देवाला शरीर चिकटवलं. आता 'प्रतिरूप' पुन्हा वाच. 'रूप' त्या शब्दाच्या पोटातच बसलंय. ज्या चुकीवर त्याने सुरुवातीलाच घाव घातला, त्याच चुकीवर माझी चाळीस पानं उभी होती.

ते काम मी बाजूला ठेवलं आणि चौतिसाव्या वर्षी अरामी या जुन्या ग्रंथांच्या भाषेची क्रियापदं गिरवायला बसले. शिष्यवृत्ती संपली. संध्याकाळी वृद्धाश्रमात काम केलं. बरोबरीचे प्राध्यापक झाले, त्यांची पुस्तकं आली. माझ्या नावावर एकही नाही. घरचेसुद्धा म्हणाले, अरामीत दोन वर्षं वाया घालवलीस. वाया नाही गेली. तेव्हाही हेच म्हणत होते, आज सत्तरीतही हेच म्हणते. त्या दोन वर्षांआधीची दोन वर्षं वाया गेली होती, आणि ते मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. म्हणून तुला सांगतेय. ऐकायला कडू लागलं तरी ऐक.

तुझ्या आराखड्यात 'तालमूदमधील ईश्वरविचार' असं एक प्रकरण आहे, आणि त्यात कुठल्याशा संकलनातून उचललेली चार अवतरणं. अगं, तालमूद म्हणजे रब्बींच्या, आपल्या धर्मपंडितांच्या, वादविवादांचा संग्रह; त्यात ईश्वरविचाराचा वेगळा कप्पा नाही! त्यातला पहिला ग्रंथ 'ब्राखोत' सुरू होतो तो संध्याकाळची शमा ही प्रार्थना कधीपासून म्हणायची या प्रश्नावर. वेळा, नियम, एकमेकांचं म्हणणं खोडणारे रब्बी. आणि सातव्या पानावर एकाएकी विचारलं जातं, देव प्रार्थना करतो, तर तो काय म्हणतो? उत्तर असं की, माझी करुणा माझ्या क्रोधावर मात करो. हे वाक्य तू घेतलंयस. पण तिथला शब्द 'रहामीम' आहे, आणि त्याचं मूळ 'रेहेम'शी जुळतं. रेहेम म्हणजे गर्भाशय. 'करुणा' लिहिलंस की ते निसटतं. संहारानंतरच्या देवाबद्दल बोलायचंय ना तुला? मग हे निसटून कसं चालेल?

म्हणून आधी पान. मूळ पान, तेही मोठ्याने, आणि एकटीने नाही. तुझी चूक त्याच क्षणी पकडणारी हवरूता हवी, जोडीदार हवा. तालमूदमध्येच म्हण आहे, 'ओ हवरूता, ओ मितूता': सोबत तरी द्या, नाहीतर मरण. माझी जोडीदारीण माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती आणि मला सारखी थांबवायची. रडले आहे मी तिच्यासमोर. आज माझ्याकडे जे आहे त्यातलं निम्मं तिचं.

भाषांतराला मी शत्रू मानत नाही. शमुएल इब्न तिब्बोनने १२०४ मध्ये 'मोरे'चं हिब्रू भाषांतर पुरं केलं, तेही खुद्द मैमोनिदेसला पत्रं लिहून शंका विचारत. पुण्यात १८७४ साली आपल्या लोकांनी हगादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली, तिच्यात मराठी आहे आणि हिब्रूही आहे. त्यांना मराठीच जास्त कळत होती, तरी हिब्रू गाळली नाही त्यांनी. आणि तू प्रबंध लिहायला निघालीस ती हिब्रू गाळून?

तुझी श्रद्धा डळमळली आहे म्हणतेस. डळमळू दे, त्याने अभ्यास अडत नाही. गावाचं म्हणशील तर न्यूयॉर्कची ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी १८८६ पासून आहे, जेरुसलेमच्या स्कोपस टेकडीवरचं हिब्रू विद्यापीठ १९२५ पासून. आणखी दोन वर्षं दोन्ही तुझ्यासाठी थांबतील. जिथे रोज मूळ पान जोडीने वाचायला लावतात तिथे जा. जिथे फक्त त्या पानाबद्दल लिहिलेलं वाचायला देतात, तिथे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरी जाऊ नकोस. घरी काय सांगायचं ते मी तुझ्या आईशी बोलेन.

रविवारी सकाळी, तुझे नऊ वाजता, फोन कर. ब्राखोतचं सातवं पान, पहिली बाजू. यास्त्रोचा तालमूदचा शब्दकोश जवळ ठेव, इंग्रजी भाषांतर दुसऱ्या खोलीत. दोनच ओळी झाल्या तरी चालेल. 'रहामीम'पाशी थांबू.

तुझी,
अश्दोदची मावशी