स्वतःच्या जुन्या ओरिजिनल गेम सीडीची कॉपी काढणं भारतात गुन्हा आहे का? आणि असे डोकं लावायचे जुने गेम खेळायला नवा गेमिंग पीसी घ्यावा लागेल का?

बिनधास्त काढा कॉपी, गुन्हा नाही. आणि फक्त एवढ्यासाठी नवा पीसी अजिबात घेऊ नका.

उत्तर लिहायला बसलो कारण याच विषयावरून मागे गणपतीत माझं आणि माझ्या आत्तेभावाचं कडाक्याचं वाजलं होतं. तो वकील आहे, त्यामुळे त्याने काहीही सांगितलं तरी घरात सगळ्यांना ते पटतंच. लॅमिंग्टन रोडला फुटपाथवर पायरेटेड सीड्यांचा ढीग असायचा त्या काळात मी पैसे साठवून खोक्यासकट, मॅन्युअलसकट ओरिजिनल गेम घेतलेत, मित्र वेड्यात काढायचे तरी घेतलेत. आता मुंबईची दमट हवा, त्यात आमचं गिरगावातलं घर, भिंतींना ओल. काही सीड्यांचा चंदेरी थर कडेने सुटायला लागला, उजेडासमोर धरली की टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. म्हणून सगळ्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब प्रत असलेल्या फाइल, काढून हार्ड डिस्कवर ठेवल्या. आरती झाल्यावर भाच्याला त्यातलाच एक गेम लावून दाखवत होतो तर हा मोठ्याने म्हणतो, "म्हणजे चोरीचाच माल की." आत्यासमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर. ज्याने एकही गेम कधी फुकट घेतला नाही त्याला चोर म्हणायचं, हे मला आजही सहन होत नाही.

कायदा काय म्हणतो ते वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए). ज्याच्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढता येतो, फक्त वापर मूळ कामासाठीच व्हायला हवा. हे दाखवल्यावर त्याने त्याच कायद्याचं कलम ६५ए काढलं, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं, कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. अरे पण वाक्य पूर्ण वाच ना, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर! अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यामध्ये प्रोटेक्शन तोडण्यावर जी बंदी आहे तिला हेतूची ही अट नाही, तिथे दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात, आणि आपल्याकडे लोक तिकडचे व्हिडिओ बघून इथल्या माणसाला कायदा शिकवतात.

शिवाय त्रास कोणाला होतो, तर विकत घेणाऱ्यालाच. २००० च्या आसपासच्या कितीतरी गेमना सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन असायचं, त्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक निघालं म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर बंदच केला. मग ओरिजिनल सीडी ड्राइव्हमध्ये फिरतेय आणि गेम चालू होत नाही, आणि क्रॅकवाला, म्हणजे प्रोटेक्शन तोडलेली चोरीची प्रत वापरणारा, आरामात खेळतोय. नव्या गेमचं तर विचारूच नका. द क्रू हा सर्व्हरशिवाय न चालणारा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ ला आला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, डिस्क हातात असली तरी उपयोग शून्य.

आता पीसी. दुकानात गेलात की पहिलं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारतील. डोकं लावायच्या गेमला ते लागतच नाही हो. रोलरकोस्टर टायकून हा मनोरंजन पार्क चालवायचा गेम १९९९ चा, ख्रिस सॉयरने जवळजवळ अख्खा असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेला, कुठल्याही जुन्या मशीनवर पळतो. रेल्वे-वाहतूक चालवायचा ओपनटीटीडी तर फुकट आहे, त्यात जंक्शनला प्री-सिग्नल लावला की पुढचा एक तरी प्लॅटफॉर्म रिकामा असल्याशिवाय गाडी आत येत नाही, आणि एक सिग्नल चुकीच्या जागी बसला की मागे रांग लागते, दादरच्या बाहेर फास्ट लोकल थांबते ना तसंच. ती रांग सोडवण्यात माझे रविवारच्या रविवार गेलेत आणि स्क्रीनवर काय तर इवलेसे डबे. गेमचा कठीणपणा नियमांत असतो, चित्रांत नाही, ज्यांना हे पटत नाही त्यांनी डोकं लावून एकही गेम खेळलेला नसतो असं माझं स्पष्ट मत आहे. बुटक्यांची वसाहत चालवायचा ड्वार्फ फोर्ट्रेससारखा गेम हळू होतो तो शेकडो बुटक्यांचे रस्ते शोधण्यात प्रोसेसर दमतो म्हणून. तेव्हा आहे त्याच मशीनला एसएसडी आणि थोडी रॅम टाका, सीडीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह घ्या. सेफडिस्कवाला गेम असेल तर आधी गॉग या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर बघा, तिथे बिनकुलुपाची प्रत मिळते, पण ती परत विकत घ्यावी लागते.

हां, सांगायचं राहिलं. मी वकील नाही. खोक्यातल्या लायसन्समध्ये वेगळ्या अटी असू शकतात, आणि गेममधलं संगीत, व्हिडिओ हे सगळं "कॉम्प्युटर प्रोग्राम"मध्ये धरायचं का यावर वाद घालता येतो, आत्तेभावाचा तोच एक मुद्दा जरा वजनाचा होता. बॅकअप मित्राला दिलात तर हे कलम तुम्हाला वाचवणार नाही. आणि मूळ सीडी विकलीत तर कॉपी त्याच दिवशी उडवा.