ख्रिस्ती लोक आत्मा मानतात ना, मग देह एवढा जपून पुरतात कशासाठी?

तुम्ही जळगावचे, आणि नवापूरला मित्राच्या वडिलांच्या दफनविधीला गेल्यावर हा प्रश्न पडला, असं लिहिलंय. आत्मा अमर, देह म्हणजे जुनं वस्त्र, हे आपल्याकडे घरोघरी कानावर पडलेलं. ख्रिस्ती मत तसंच आहे का, असा तुमचा रोख दिसतो. मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, नंदुरबारकडचा साधा मंडळीतला, म्हणजे चर्चला जाणारा माणूस आहे. तेवढं धरून वाचा.

तसंच नाही. आम्ही आत्मा मानतो, पण देह टाकाऊ मानत नाही. प्रेषितांचा म्हणून जो विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, अनेक मंडळ्यांत म्हणतात, त्यात ‘आत्मा अमर आहे’ असं वाक्यच नाही. ‘शरीराचे पुनरुत्थान’, म्हणजे मेलेल्यांचं देहासह पुन्हा उठणं, आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत होतो. आधीपासून कुठेतरी असलेला आत्मा वरून येऊन मातीत शिरला, असं तिथे नाही. म्हणून पुनर्जन्मालाही जागा उरत नाही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने तर सरळ लिहून ठेवलं, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसता आत्मा तरला तर मी तरलो असं होत नाही, हा त्याचा मुद्दा. आणि उठणारं शरीर हेच, जसंच्या तसं का? बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात प्रेषित पौल पेरणीचा दाखला देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते निराळं. दादर ज्वारी पेरणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माणसाचे भाग किती, यावर आमच्यातच एकमत नाही. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरा देह आणि आत्मा असे दोन धरतात. उपदेशात मात्र ‘आत्मा, जीव, शरीर’ असे तीनही ऐकू येतात. आधार पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा, ५:२३. मला विचाराल तर पौल तिथे आशीर्वाद देतोय, माणसाची मोजदाद करत नाही.

मेल्यापासून पुनरुत्थानापर्यंत काय, यावर तर जुनं भांडण आहे. ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं आम्ही म्हणतो. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ ते अक्षरशः घेतो, मृताला जाणीव नसते म्हणतो. बाकीचे बहुतेक शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने दिलेलं वचन पुढे करतात: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने या झोपेच्या मताविरुद्ध १५३४ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

पाप देहात असतं आणि आत्मा मुळात स्वच्छ, हा गैरसमज ख्रिस्ती घरांतही सापडतो. गलतीकरांच्या पत्रात पौल ‘देहाची कर्मे’ मोजतो त्यात जारकर्म आहे तसा हेवा आहे, राग आहे, तट पाडणं आहे. हे काय हातपाय करतात? देवाच्या प्रतिरूपाचा माणूस बिघडला तो सगळाच, आणि तारणही सगळ्याचंच. ख्रिस्ती मिशनने नवापूरजवळ चिंचपाड्याला हॉस्पिटल काढलं, ते या शिकवणीशी जुळणारंच.

आता पुरण्याचं. ती आशेची खूण आहे, अट नव्हे. हाडं शाबूत राहिली तरच देव उठवील असं असतं, तर समुद्रात बुडालेल्यांचं आणि जाळून मारलेल्या हुतात्म्यांचं काय झालं असतं? कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनालाही मोकळीक दिली, फक्त पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते करू नये, एवढं बजावून.