‘एवढं काय ताणायचं?’

“मॅडम, ती स्वतःच अजून लहान आहे. दुसऱ्यांच्या मुलांचा जीव तिच्या हातात कसा द्यायचा?”

समोर बसलेल्या आईच्या मांडीवर शिबिराचं संमतिपत्र होतं, सही राहिलेली. मुलगी सतरा वर्षांची. दोन वर्षं प्रस्तरारोहण शिकलेली, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण पूर्ण केलेली, वर्षभर मोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केलेली. आता नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हार्नेस (दोर जोडायचा कमरेचा पट्टा) घालायला, आठाची गाठ मारायला आणि चढण्याआधी एकमेकांची साधनं तपासायला तिने स्वतः शिकवायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला दोघींची परवानगी आहे.)

समुपदेशनात ही काळजी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येते. शिकणाऱ्या लहानग्यांचे पालक विचारतात, आणि शिकवणाऱ्या मुलामुलींचेही. मी ती कधीच उडवून लावत नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात समवयस्क शेजारी असले की माणसं जास्त धोका पत्करत होती, आणि हा परिणाम किशोरांमध्ये प्रौढांपेक्षा ठळक होता. पण शांतपणे, घाई नसताना विचार करण्याची कुवत साधारण सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्यांच्या जवळपास येते, हेही संशोधनात दिसलं आहे. म्हणून ‘सतरा वर्षांची मुलगी विश्वासाची आहे का’ या प्रश्नाला माझ्याकडे हो किंवा नाही असं उत्तर नसतं. कोणता निर्णय, कोणासमोर आणि किती घाईत, हे मला आधी कळायला हवं असतं.

आईने तिच्या अपरिपक्वतेचा पुरावा म्हणून एक प्रसंग सांगितला. आदल्या महिन्यात सराव होता. बघायला पालक आले होते. आभाळ भरून आलं, दूरवर गडगडलं. मुलीने लगेच सगळ्यांना कड्यावरून खाली घेतलं आणि जवळच्या इमारतीत नेलं. वीस मिनिटांत ऊन पडलं. एका मुलाची पाळी राहिली होती. त्याचे वडील म्हणाले, “अगं, आता तर ऊन आहे. पाच मिनिटांनी काय होतंय?” मुलगी म्हणाली, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं. बाकीचे कुरकुरायला लागले. तेव्हा आईला शरमल्यासारखं झालं आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, “सोड ना आता, एवढं काय ताणायचं?”

मुलीने सोडलं नाही. दोन दिवस घरात बोलली नाही.

“लोकांशी कसं वागायचं हेच तिला कळत नाही,” आई म्हणाली. “मोठ्या माणसाला असं तोंडावर नाही म्हणतात का?”

मी थोडा वेळ थांबले. मग विचारलं, “तिचा नियम चुकीचा होता का?”

नियम बरोबर होता. गडगडाट ऐकू येतो म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. वीज पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढेही पडू शकते, म्हणून वर ऊन दिसल्याने काही सिद्ध होत नाही. तीस मिनिटांचा आकडा आधीच ठरवून ठेवतात तोही यासाठीच, की ऐन वेळी, चार माणसं तोंडाकडे बघत असताना, कोणालाही नव्याने विचार करावा लागू नये. आणि ही सोय पोरांसाठीच आहे असं नाही, अनुभवी प्रशिक्षकही तोच आकडा धरून बसतात.

आई ज्याला उद्धटपणा म्हणत होती, तीच मला त्या मुलीची सगळ्यात मोठी पात्रता वाटली. गाठ कोणालाही शिकता येते. आपल्या आईने सगळ्यांसमोर टोकल्यावरही ‘नाही’वर टिकून राहणं फार कमी जणांना जमतं. हे मी आईला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या सत्राला दोघी आल्या. मुलगी बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “आई, ते काका बोलले तेव्हा मला काही वाटलं नाही. तू बोललीस ना, तेव्हा मी जवळजवळ हो म्हणणार होते.”

आईने काही उत्तर दिलं नाही. मीही ती शांतता मोडली नाही.

त्या दिवशी मुलीच्या मागे अनुभवी प्रशिक्षक उभे होते आणि ते गप्प राहिले, याचा मला अजून राग येतो. मागे मोठं माणूस हवं ते याच कामासाठी. ‘निर्णय तिचा आहे’ एवढे तीन शब्द पुरले असते. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या प्रायोगिक शिबिरात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या छोट्या तुकड्या करून प्रत्येकीचं पुढारपण एका मुलाकडे दिलं होतं. पण मोठी माणसं बेटावर होतीच. जबाबदारी देणं म्हणजे आपण निघून जाणं नव्हे.

संयोजकांना काय विचारू, असं आईने विचारलं तेव्हा मी एकच गोष्ट सुचवली. अधिकार एका दिशेने चालावा. मुलीने परवानगी दिलेली गोष्ट मोठ्यांनी थांबवली तर चालेल. मुलीने थांबवलेली गोष्ट मात्र कोणीही, प्रशिक्षकानेही, तिच्या डोक्यावरून सुरू करायची नाही. आणि हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगायचं, तिच्यासमोर.

संयोजकांनी ते मान्य केलं. सही झाली.

शिबिरानंतर मुलगी एकटीच भेटायला आली. शेवटच्या दिवशी पालकांनाही चढू दिलं होतं, आणि आई रांगेत उभी राहिली होती. तिने आठाची गाठ मारली, पण एका जागी दोराचे पदर एकमेकांवर चढले होते आणि शेपूट, म्हणजे गाठीबाहेरचं मोकळं टोक, आखूड राहिलं होतं. मागे बरीच माणसं खोळंबली होती.

“मग?”

“मी म्हटलं, सोड आणि पुन्हा बांध. दोनदा सोडायला लावली.”

“काही म्हणाली?”

“नाही. बांधली.”