अमेझॉनचं 'जंगल' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: "ब्राझीलवरच्या लेखाचं भाषांतर करताना मी 'अमेझॉनच्या जंगलातल्या जंगली जमाती' असं लिहिलं. संपादकांनी 'जंगल' खोडून 'वर्षावन' केलं आणि 'जंगली'ही खोडलं. माझं इतकं चुकलं होतं का?"

'जंगल' चुकलं नाही, 'जंगली' चुकलं. पण 'जंगल' या शब्दाने जो प्रवास केलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संस्कृतात 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा मुलूख. चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल देशात पाणी कमी, वारा फार, झाडं खैर, शमी, बोर अशी. नद्या, ओल आणि गर्द झाडी असलेला तो आनूप. बिकानेरच्या मुलखाचं जुनं नाव जांगलदेश, आणि तिथल्या राजांचं बिरुद 'जय जंगलधर बादशाह'. हे जंगल वाळूतलं बरं का! चरकाला अमेझॉन दाखवलं असतं, तर त्याने ते बेलाशक आनूपात टाकलं असतं.

पुढे न कसलेली पडीक जमीन, मग तिच्यावर माजलेली झाडी, मग दाट झाडी, असा अर्थ सरकत गेला. अठराव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला तेव्हा त्याला पडीक रानाचा वास होताच. परत आला तो वेली, माकडं आणि धो धो पाऊस घेऊन.

'रान' मात्र उलट्या वाटेने गेलं. मूळ 'अरण्य', आणि त्याच्याही मागे 'अरण', म्हणजे दूरचं, परकं. आज देशावरचा शेतकरी "रान नांगरून झालं" म्हणतो तेव्हा ते त्याचं घरचं शेत असतं. म्हणजे परकं होतं ते घरचं झालं, आणि उघडं होतं ते गर्द.

'वर्षावन' हा अलीकडे घडवलेला शब्द. शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये उष्ण कटिबंधातल्या अशा वनाला 'पावसाचं वन' म्हटलं, त्याचंच हे मराठी रूप. भूगोलाच्या पुस्तकात ठीक आहे, पण गोष्ट सांगताना मला तो कोट घालून आल्यासारखा वाटतो.

ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे शब्द जास्त नेमके आहेत. तुपी या त्यांच्या एका भाषेत 'काआ' म्हणजे वन, 'तिंगा' म्हणजे पांढरं. त्यावरून ब्राझीलच्या ईशान्येकडच्या काटेरी, कोरड्या झाडीला 'काआतिंगा' म्हणतात. कोरड्या ऋतूत पानं झडली की ती खरोखर पांढुरकी दिसते. आपल्या जुन्या 'जांगला'ला ब्राझीलमध्ये जागा शोधायचीच असेल, तर ती इथे आहे, अमेझॉनमध्ये नाही! रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नद्या चढल्या की जे वन पाण्यात उभं राहतं, ते 'इगापो'. झाडीतला लहान ओढा तो 'इगारापे', शब्दशः होडीची वाट. अमेझॉनमधल्या यानोमामी या आदिवासी समाजाच्या भाषेत 'उरिही' म्हणजे वन आणि जमीन एकत्र. त्यांच्या शब्दात झाडं मातीपासून वेगळी काढलेली नाहीत.

आता 'जंगली'. लॅटिनमध्ये 'सिल्वा' म्हणजे वन; त्यावरून पोर्तुगीज 'सेल्वाजें' आणि इंग्रजी 'सॅव्हेज' आले, दोन्हींचा अर्थ रानटी. आपणही तेच केलं. रानमेवा गोड, रानभाजी पौष्टिक, पण माणसाला प्रत्यय लागला की 'रानटी' आणि 'जंगली'. मूळ अर्थ 'वनातला' एवढाच असला, तरी वाचकाच्या कानाला शिवीच ऐकू येते. तुमचे संपादक इथे बरोबर होते.

'रेड इंडियन'ही नको. ब्राझीलमध्येच 'इंडियो' हा शब्द मागे पडतोय. १९ एप्रिलच्या 'इंडियो दिना'चं नाव २०२२ मध्ये कायद्याने 'मूलनिवासी लोकांचा दिवस' झालं, आणि 'फुनाई' या मूलनिवासींसाठीच्या सरकारी संस्थेच्या पूर्ण नावातही २०२३ मध्ये तसाच बदल झाला. मराठीत 'आदिवासी' चालेल. पण जिथे समाज ठाऊक आहे तिथे सरळ नाव घ्यावं: तिकुना, मुंडुरुकू, अशानिंका. 'यानोमामी'चा तर अर्थच 'माणसं' असा आहे. ब्राझीलने १९९२ मध्ये त्यांच्यासाठी आखून दिलेला प्रदेश सुमारे ९६ लाख हेक्टरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक-तृतीयांश. इतक्या मोठ्या मुलखातल्या लोकांना नुसतं 'जमाती' म्हणून कसं भागेल?

मी असतो तर लिहिलं असतं: "अमेझॉनच्या अरण्यात राहणारे यानोमामी". बोलताना 'जंगल' म्हणालात तरी कोणी अडवणार नाही, चरकाचा एखादा अभ्यासक सोडून.