नागपूर: माळ्यावर सापडलेला कॅसेटचा जुना टीव्ही गेम पुन्हा सुरू कसा करायचा? एलईडी टीव्हीवर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की घरच्या माळ्यावर १९९० च्या दशकातला टीव्ही गेम सापडला, सोबत दोन रिमोट, एक गन, अ‍ॅडॅप्टर आणि काही कॅसेटी आहेत; तो नागपुरातच नीट करता येईल का आणि एलईडी टीव्हीला लागेल का, असा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी होतील, फक्त गन एलईडीवर चालणार नाही. मात्र एक काम अजिबात करू नका: सोबतचा अ‍ॅडॅप्टर लावून "चालतो का ते बघू तरी". ही यंत्रं नुसती पडून राहिल्याने सहसा मरत नाहीत. बाहेर काढल्यावर पहिल्याच दिवशी लावलेला चुकीचा अ‍ॅडॅप्टर त्यांना मारतो.

आधी यंत्र कोणतं ते ओळखा. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं आपल्याकडे घरोघरी होती. आतून ती सगळी निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या (जपान, १९८३) नकला. ओळख सोपी: कॅसेट वरून उभी खोचायची आणि कॅसेटच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ३०-३०, म्हणजे एकूण ६० पट्ट्या. समोरचं झाकण उघडून मोठी करडी कॅसेट आत सरकवायची असेल तर ते एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचं अमेरिका-युरोपातलं रूप. त्याला ७२ पट्ट्या असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकी एनईएसचा मूळ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत एसीचं डीसी करणारा ब्रिज आहे, फॅमिकॉमच्या पद्धतीच्या यंत्रात तो नाही. तो अ‍ॅडॅप्टर चुकून इथे लावला की खेळ संपला. आणखी एक: इंटरनेटवर एनईएस दुरुस्तीचे जे व्हिडिओ आहेत, त्यातला "स्क्रीन सेकंदा-सेकंदाला लुकलुकते, लॉकआउट चिपचा (परक्या कॅसेटी अडवणाऱ्या चिपचा) पाय कापा" हा सल्ला तुमच्या यंत्राला लागू नाही. फॅमिकॉममध्ये ती चिपच नव्हती.

आता वीज. साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. जुना अ‍ॅडॅप्टर यंत्राला न जोडता बोर्डात लावा आणि डीसी २० व्होल्टवर मोजा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असून १२ ते १४ दिसतील. ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडॅप्टर भार नसताना जास्तच दाखवतो, तो बिघाड नाही. तरीही माझं मत ठाम आहे की तो वापरू नका. ९ व्होल्ट, १ अँपियरचा नवा एसएमपीएस (मोबाइल चार्जरच्या पद्धतीचा, हलका) डीसी अ‍ॅडॅप्टर घ्या. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या दुकानात मिळेल. पिन बहुतेक ५.५ × २.१ मिलिमीटरची बसते. काही स्वस्त यंत्रांत हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन असते. ती आत सरकताना क्षणभर शॉर्ट होते, म्हणून आधी पिन खोचायची आणि मग भिंतीवरचं बटण दाबायचं.

ध्रुवता न तपासता नवा अ‍ॅडॅप्टर लावू नका. मूळ फॅमिकॉममध्ये पिनचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, पण बाजारातले बरेच अ‍ॅडॅप्टर याच्या उलट असतात आणि नकली यंत्रांत दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून यंत्राचे खालचे स्क्रू काढा (एखादा रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो) आणि आत तीन पायांचा ७८०५, म्हणजे येणारा व्होल्टेज पाचवर आणणारी चिप, शोधा. पाय खाली आणि छापील बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मागची धातूची पट्टीही ग्राउंडच. मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून बघा, ग्राउंड सॉकेटच्या आतल्या पिनला बोलतो की बाहेरच्या पत्र्याला. जिथे मीटर वाजेल तिथे ऋण.

आता कॅसेट न लावता वीज द्या आणि ७८०५ च्या आउटपुटवर मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. साडेपाचच्या वर असेल तर लगेच बंद करा आणि ७८०५ बदला, कारण हा व्होल्टेज थेट कॅसेटच्या चिपलाही जातो. शेजारचा फुगलेला किंवा पाझरलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच वेळी काढून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा लावा. पट्टीवाला पाय ऋण. हा कपॅसिटर थकलेला असला की जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडॅप्टरवर पडद्यावर दोन आडवे पट्टे हळूहळू वर-खाली सरकतात आणि आवाजात गुणगुण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, ती दोन्ही बाजूंनी सरळ केली की तरंग १०० हर्ट्झचा होतो, आणि सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर त्याचे बरोबर दोन पट्टे पडतात. दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं "चित्र खराब आहे" न सांगता हे सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी एक हिशेब बघून ठेवा. यंत्र ०.३ अँपियर घेतं असं धरू. १२ व्होल्ट दिले तर ७८०५ वर (१२ − ५) × ०.३, म्हणजे २.१ वॅटची उष्णता तयार होते. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसलेला ७८०५ दर वॅटला साधारण ६५ अंशांनी तापतो, म्हणजे १३० अंशांच्या वर वाढ, आणि खोलीत मे महिन्याचे चाळीस-पंचेचाळीस आधीच असतात. चिप स्वतःला वाचवायला बंद होते. ९ व्होल्टवर हीच उष्णता १.२ वॅट होते, पण पंचेचाळीसच्या खोलीत तीही सव्वाशेच्या आसपास नेते. म्हणून "अर्धा तास चालतो, मग बंद, थंड झाला की परत चालू" हा आजार असेल तर ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरबरोबर छोटा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंकही स्क्रूने बसवा.

वीज नीट असूनही गेम सुरू होत नसेल तर दोष बहुधा संपर्कात असतो. कॅसेटीत फुंकर मारायची सवय सोडा. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या काळवंडतात. फुंकून चालते असं वाटतं ते खरं तर कॅसेट काढून पुन्हा खोचल्यामुळे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाले तेच वापरतात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कापसाच्या काडीने पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. हिरवट गंज चढला असेल तरच पांढरा खोडरबर, तोही हलक्या हाताने. सँडपेपर नको, वरचा मुलामा गेला की पट्टी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजते. स्लॉटसाठी बाद झालेल्या एटीएम कार्डाभोवती पातळ सुती कापड एकदा गुंडाळा, अल्कोहोलने ओलं करा आणि वरखाली करा. त्यापेक्षा जाड काही खुपसलं तर आतले स्प्रिंग कायमचे पसरतात. पंधरा मिनिटं सुकू द्या.

पडदा काय दाखवतो त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. पूर्ण काळा, राखाडी किंवा एकाच रंगाचा पडदा म्हणजे प्रोग्रॅमची चिप वाचली जात नाही. गेम चालतोय, उड्याही मारता येतात, पण माणसांच्या जागी अक्षरांची ठिगळं दिसतात, तर चित्रांच्या चिपच्या पट्ट्या नीट लागत नाहीत. चित्र चोख, आवाज मात्र शून्य, तर एका बाजूच्या तीस पट्ट्यांतल्या अगदी मधल्या दोन, ४५ आणि ४६ क्रमांकाच्या, पुन्हा पुसा. फॅमिकॉममध्ये आवाज या दोन पट्ट्यांवरून कॅसेटमधून फिरून परत येतो. तिथे मळ असला की यंत्र मुकं होतं. एकच कॅसेट अडत असेल तर दोष कॅसेटचा, सगळ्या अडत असतील तर स्लॉटचा. कॅसेटच्या बोर्डावर चिपऐवजी काळा थेंब दिसेल. त्या थेंबाखालची केसाएवढी तार तुटली तर ती जोडता येत नाही, त्यावर वेळ घालवू नका. "९९९९९९९ इन १" बद्दलही अपेक्षा ठेवू नका; मोजके गेम वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी फुगवलेली असते.

रिमोटचं निदान लवकर होतं. एकच बटण चालत नसेल तर आतला रबर आणि त्याखालची काळी कार्बनची टिकली अल्कोहोलने हलकेच पुसा, घासू नका. सगळी बटणं एकदम गेली असतील तर केबल. पाच तारांतून पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा जातात. त्यातली एक तुटली तरी पूर्ण रिमोट मरतो, आणि ती तुटते नेहमी रिमोटच्या तोंडाशी, जिथे पोरं वायर गुंडाळून ठेवायची. तिथून तीन-चार सेंटिमीटर कापून पुन्हा डाग द्या. प्लग ९ पिनचा असला तरी सेगाच्या मेगाड्राइव्ह या दुसऱ्या गेम यंत्राचा रिमोट त्यात लावू नका, जोडणी वेगळी आहे.

टीव्हीबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच कंटाळून यंत्र भंगारात देतात. यंत्राला पिवळं-पांढरं एव्ही सॉकेट असेल तर तेच वापरा. नव्या एलईडीत तीन सॉकेटऐवजी एक साडेतीन मिलिमीटरचं छिद्र असतं आणि त्याच्या केबलची जोडणी कंपनीगणिक बदलते. पिवळ्यात चित्र नाही आलं तर तीच तार लाल आणि पांढऱ्यात लावून पाहा. यंत्राला काही होत नाही. फक्त अँटेनाची तार असेल तर यंत्र कॅसेटसकट सुरू ठेवून टीव्हीत अ‍ॅनालॉग शोध लावा, डिजिटल नाही. सिग्नल बहुधा व्हीएचएफच्या खालच्या भागात, ४८ ते ६६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान सापडतो.

टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसेल तर यंत्रातून एव्ही काढता येतं. पत्र्याच्या मॉड्युलेटरच्या (चित्र-आवाजाचा अँटेना-सिग्नल बनवणाऱ्या) डबीत चार तारा जातात: पाच व्होल्ट, ग्राउंड, व्हिडिओ, आवाज. व्हिडिओची तार सरळ आरसीए (पिवळ्या एव्ही) सॉकेटला जोडली तर चित्र अंधारं येतं, कारण टीव्हीचा ७५ ओहमचा भार चिपला पेलत नाही. मध्ये एक बीसी५५७ (पीएनपी प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावा: बेस व्हिडिओला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३३० ओहममधून पाच व्होल्टला, आणि एमिटरवरूनच ७५ ओहम, मग २२० मायक्रोफॅरड, मग सॉकेट. कपॅसिटरचा धन पाय ट्रान्झिस्टरकडे. चित्र फार भडक आलं तर ७५ च्या जागी ११० ओहम. दुकानदार बीसी५४७ पुढे करेल, तो एनपीएन प्रकारचा आहे, घेऊ नका. व्हिडिओचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे सिंक, फार कमी व्होल्टेजवर असतो आणि एनपीएनमध्ये तो कापला जाऊन चित्र फिरायला लागतं.

एवढं करूनही एलईडीवर दोन त्रास राहतात. हे यंत्र दर फ्रेमला त्याच रेषा पाठवतं, पण टीव्ही त्यांना एकाआड एक गुंफलेल्या रेषा समजून मिसळतो. त्यामुळे मार बसल्यावर लुकलुकणारा खेळाडू कधी कधी दिसेनासाच होतो. दुसरा त्रास उशिराचा. ५० हर्ट्झवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, तेव्हा टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले तर तुम्ही पाच फ्रेम मागे आहात, आणि कॉन्ट्रासारख्या गेममध्ये तेवढ्यात जीव जातो. टीव्हीचा गेम मोड लावा. स्वस्त एव्ही-ते-एचडीएमआय डबी सहसा हा उशीर वाढवते, आणि ५० चे ६० करताना धक्केही देते. खर्च करायचाच असेल तर रेट्रोटिंक २एक्ससारखं, खास जुन्या गेमसाठी एव्हीचं एचडीएमआय करणारं यंत्र बरं. ओएसएससी या तशाच दुसऱ्या यंत्राचं नाव ऐकलं असेल, पण त्याला ही पिवळी तार चालत नाही.

आणि गन. डक हंट या बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि गन तो प्रकाश त्याच क्षणी शोधते. एलईडीचा प्रकाश उशिरा येतो, म्हणून नेम कितीही पक्का असो, बदक पडणार नाही. म्हणून शक्य असेल तर एव्ही सॉकेट असलेला १४ किंवा २१ इंची पेटीचा टीव्ही मिळवाच. महाल, इतवारीकडच्या जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करा. घरात जागा अडते म्हणून लोक असे टीव्ही आनंदाने देऊन टाकतात. मात्र त्याची मागची पेटी स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहतात.

कोणी "जपानहून खरा फॅमिकॉमच मागवा" असं सुचवलं तर दोन गोष्टी पाहा. त्याचा अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर जळेल. आणि १९८३ च्या मॉडेलला एव्ही नाही, त्याचं अँटेना-चॅनेल आपल्या टीव्हीला सापडत नाही. घ्यायचाच तर १९९३ चा एव्ही असलेला घ्या, आणि टीव्ही एनटीएससी (जपानची रंगीत चित्राची पद्धत) घेतो ना ते बघा, नाहीतर चित्र कृष्णधवल येईल.

पिवळं पडलेलं कव्हर पांढरं करायला सलूनचं ४० व्हॉल्यूम क्रीम, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, चालतं. हातमोजे घाला, कव्हर पूर्ण सुटं करा, सगळीकडे सारखं लावा, वर पारदर्शक फिल्म आणि मग ऊन. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. आपल्या मे महिन्यात क्रीम फिल्मखालीही सुकतं, पांढरे चट्टे उमटतात आणि पातळ प्लास्टिक वाकतं. ठेवताना कूलरच्या झोतापासून लांब, कारण ती ओली हवा दोन महिन्यांत स्लॉट गंजवते. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर परत तर मुळीच नको. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

एवढं करूनही अडलं तर इथेच खाली लिहा: अ‍ॅडॅप्टरचा मोजलेला व्होल्टेज, ७८०५ च्या आउटपुटचा आकडा, आणि कॅसेट लावून व न लावता पडद्यावर काय दिसतं ते. या माहितीवर पुढचा दोष सांगता येईल.