त्याला कळलं कसं?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शरीराच्या ११ संस्थांचा (पचनसंस्था, स्नायुसंस्था वगैरे) तक्ता भिंतीवर लावलायस, प्रत्येकीला वेगळा रंग दिलायस, आणि तरीही ‘या संस्था एकत्र कशा काम करतात’ असा प्रश्न आला की पेन थांबतं, असं लिहिलंयस. यात तुझ्या पाठांतराचा दोष नाही. तो तक्ता आम्ही शिकवणाऱ्यांनी आमच्या सोयीसाठी आखला. शरीराला त्यातली एकही रेघ ठाऊक नाही.

मी तुला एकच सवय लावून घ्यायला सांगणार आहे. अमुक अवयव अमुक करतो असं वाचलंस की तिथेच थांबायचं आणि विचारायचं, त्याला कळलं कसं? वेळ जातो, मान्य आहे. पण मला शरीर समजलं ते याच प्रश्नाने.

अगदी साधी गोष्ट घे, खुर्चीवरून उठण्याची. उभं राहिल्याबरोबर अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त छातीतून पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटलं की दर ठोक्याला बाहेर पडणारंही घटतं आणि रक्तदाब खाली यायला लागतो. मेंदू तर सगळ्यांच्या वर बसलेला. त्याचा रक्तपुरवठा १० सेकंदांच्या आसपास थांबला तरी शुद्ध हरपते. म्हणजे जे निस्तरायचं ते एवढ्या वेळात. रोज कितीतरी वेळा ते निस्तरलं जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कळतं कसं ते बघ. जबड्याच्या कोनाखाली, मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते, तिथे ती जराशी फुगीर असते. तिच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं रुतलेली असतात. भिंत ताणली गेली की ती संदेश पाठवतात. दाब जास्त असेल तर भराभर, कमी असेल तर विरळ. महाधमनीच्या कमानीतही अशीच टोकं आहेत. हे सगळे संदेश मेंदूच्या तळाशी, मेड्युलात पोचतात. दाब उतरल्याची बातमी कोणी ओरडून देत नाही, हे नीट लक्षात घे. नेहमीची टकटक मंदावते आणि तेवढ्यावरून मेड्युलाला समजतं. रात्री पंखा बंद पडला की आपल्याला जाग येते ना, तसंच.

याच्या पुढचा भाग मला दर वर्षी नव्याने शिकवावासा वाटतो. हृदयाला स्वतःचा ठेका आहे, मिनिटाला साधारण १०० ठोक्यांचा. बसल्या जागी नाडी ७०च्या आसपास लागते, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला सतत आवरून धरतो. उठल्यावर आधी तो लगाम सैल होतो, आणि एक-दोन ठोक्यांतच वेग वाढतो. रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम दुसऱ्या मज्जातंतूंमधून जातो, त्याला काही सेकंद जास्त लागतात.

एवढी व्यवस्था असूनही मी एकदा कोसळलो आहे. तिसऱ्या वर्षात होतो. एका लांबलेल्या शस्त्रक्रियेत जखमेची कड ओढून धरायचं काम माझ्याकडे आलं होतं. दीड तास एका जागी खिळल्यासारखा उभा. आधी कानात घूं असा आवाज, मग दिव्याभोवती काळी कड, आणि नंतर एकदम छत दिसलं. एक वयस्क सिस्टर माझे पाय उचलून स्टुलावर ठेवत होत्या. रक्त बघून घाबरलो असं सगळ्यांना वाटलं, मलाही तेच वाटलं. सिस्टरांनी मात्र विचारलं, “पोटऱ्या हलवत होतास का मध्ये मध्ये?” नव्हतो हलवत.

पायांच्या शिरांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. पोटरीचा स्नायू आवळला की शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं आणि झडप त्याला मागे येऊ देत नाही. तुझ्या तक्त्यात पोटरी स्नायुसंस्थेच्या रंगात असेल, पण उभ्या माणसात ती हृदयाची जोडीदार आहे. मी ती जोडीदार दीड तास बिनकामाची ठेवली होती.

या झडपा तुला स्वतःच्या हातावर दिसतील. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं तेव्हा हाच पुरावा दिला होता. हात खाली सोड, कोपराच्या वर हलकासा पट्टा बांध. हाताच्या आतल्या बाजूची एखादी ठळक शीर निवड. तिच्यावर मध्ये मध्ये गाठीसारखे फुगवटे दिसतील, त्या झडपा. मनगटाच्या बाजूला एका बोटाने शीर दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, एका फुगवट्याच्या पलीकडे ढकल. आता वरचं बोट उचल. झडपेपर्यंतचा तुकडा सपाट, रिकामाच राहतो. वरून रक्त खाली येत नाही. खालचं बोट काढलंस की क्षणात भरतो. पाहून झालं की पट्टा लगेच सोड.

आता पचनाकडे वळू. जठरातलं आम्ल मिसळलेलं अन्न लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंड ते आम्ल मारणारा रस सोडतं. त्याला कळलं कसं? १९०२ पर्यंत बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं, मज्जातंतूंनी सांगितलं. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा निवडला, त्याचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या आणि त्यात आम्ल सोडलं. स्वादुपिंड पाझरलंच! तार तुटलेली, तरी निरोप पोचला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि शिरेतून टोचलं. पुन्हा रस आला. निरोप रक्तातून वाहत गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रिटिन म्हटलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला.

निरोपाच्या या दोन वाटा एकाच माणसात वेगवेगळ्या बघायच्या असतील तर हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी बघ. नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात. लगाम नाही, म्हणून बसल्या जागीही नाडी ९०-१००च्या घरात. तो जिना चढायला लागला तरी ती लगेच वाढत नाही. किडन्यांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींमधलं ॲड्रेनालिन रक्तातून पोचलं की हळूहळू चढते, आणि थांबल्यावर उतरतेही उशिरा. म्हणून अशा माणसांना व्यायामाआधी बराच वेळ अंग गरम करायला सांगतात.

‘मेंदू राजा, बाकीचे अवयव प्रजा’ ही उपमा मला पटत नाही, तूही ती उत्तरात लिहू नकोस. बरेच अवयव मेंदूला न विचारता आपापसात बोलतात. हे मला एका रुग्णाने शिकवलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात चाळिशीतले एक गृहस्थ थकव्याची तक्रार घेऊन आले. पापण्या आतून पांढुरक्या, हिमोग्लोबिन उतरलेलं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने आकडा तिथेच. मी डोस वाढवला. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या घोट्यांवर सूज दिसली तेव्हा मी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर साठणारं द्रव्य) तपासलं. किडन्या बऱ्याच निकामी झाल्या होत्या. तीन महिने मी रक्ताकडे बघत बसलो, आणि बिघाड होता किडनीत. ते अजून मनाला लागून आहे.

तांबड्या पेशी तयार होतात अस्थिमज्जेत, दर सेकंदाला २० लाखांहून अधिक, आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस टिकते. पण किती बनवायच्या हे मज्जेला मुख्यतः किडनी सांगते, एरिथ्रोपोएटिन या हार्मोनमधून. हे काम किडनीकडे असण्यात मला फार मोठी सोय दिसते. हृदय मिनिटाला जे ५ लिटर रक्त फेकतं त्यातलं लिटरभर या दोन छोट्या अवयवांतून जातं. ऑक्सिजनची नाडी धरायला याहून चांगली जागा कुठली?

मग किडनीला तरी कळतं कसं? पेशी एक प्रथिन सतत बनवते आणि ऑक्सिजनच्या मदतीने सतत मोडत राहते. ऑक्सिजन कमी पडला की मोडणं थांबतं, प्रथिन साठतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक जागं करतं. इथेही मानेतल्या धमनीसारखंच झालं. नेहमी चालू असलेलं काहीतरी थांबलं, आणि तीच बातमी ठरली. हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं.

ड जीवनसत्त्वाचा प्रवासही याच नजरेने वाच. ते त्वचेत बनतं, यकृतात बदलतं, किडनीत कामाजोगं होतं आणि आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. चार अवयव, चार वेगळे रंग. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे की कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, हे मात्र मी सांगत नाही. तू शोध.

तक्ता काढून टाकू नकोस, नावं लागतातच. पण शेजारी एक कोरा कागद लाव. ‘कळलं कसं’ याचं उत्तर सापडलं की त्या दोन अवयवांमध्ये रेघ ओढ आणि तिच्यावर लिही, मज्जातंतू, रक्त की नुसता ताण. सापडलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह ठेव, खाडाखोड झाली तरी चालेल.

आणि हे पत्र वाचून झालं की ५ मिनिटं आडवं पड. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोज. मग बोटं न काढता उभं राहा आणि पहिल्या १५ सेकंदांचे ठोके मोज, पुढच्या १५ सेकंदांचे वेगळे मोज. चक्कर आलीच तर लगेच बस. तिन्ही आकडे मला लिहून पाठव, आणि दुसरा व तिसरा सारखे का नाहीत याबद्दल तुला काय वाटतं तेही.

तुझा,
सर